पहिल्या धुण्याला रंग जातो

भेस्तान, सुरत
२२ जानेवारी १९९६

ती. काशीताईस,
गंगारामचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र येऊन महिना होत आला आणि उत्तर आज देतोय. कारण सांगायला बसलो तर म्हणशील, लावलं याने रडगाणं. तर रडगाणंच ऐक. ते ऐकवता येईल अशी तू एकटीच आहेस. शोभाला ऐकवायला जावं तर ती म्हणते, खुर्चीवर बसून पगार मिळतोय, अजून काय पाहिजे तुम्हाला?

खुर्चीचं तुला माहीत आहेच. डॉक्टरने माझ्या छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं की हा माणूस आणखी लूमवर उभा राहिला तर फार काळ राहणार नाही. कांतिशेठ माणूस वाईट नाही. त्याने मला इथल्या त्याच्या लूमच्या खात्यातून उचललं आणि रिंग रोडच्या साडीच्या दुकानात बसवलं. काम काय, तर खानदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी दर महिन्याला मराठीत एक पत्रक लिहायचं. ते छापायचं आणि तुझ्यासारख्या दारोदार साड्या विकणाऱ्या बायांच्या पार्सलात टाकायचं. शेठच्या भाच्याने मुंबईला पाहिलं म्हणे, मोठमोठ्या कंपन्या असं काढतात आणि त्याने गिऱ्हाईक धरून राहतं. आता सुरतेच्या मार्केटात मराठी लिहिणारा स्वस्तात कोण मिळणार? मी मिळालो.

पण ताई, ते कोणी वाचतच नाही. दिवाळीपासून काढतोय, एका माणसाचं कार्ड आलं नाही. परवा शेठने पत्रकांचा उरलेला गठ्ठा माझ्यापुढे टाकला नि म्हणाला, "गंगाराम, आ कागळियुं कोई वांचे छे खरुं?" म्हणजे, हा कागद कोणी वाचतं तरी का? मग त्याने एप्रिलातल्या आखाजीपर्यंत मुदत दिली. तोवर वाचणाऱ्यांची पत्रं आली तर पत्रक चालू, नाहीतर मी परत खात्यात, लूमवर.

मला आता उभं राहवत नाही गं. जिना चढून आलो तरी भिंत धरावी लागते. ते पत्रक तुझ्याही पार्सलात येतं. खरं सांग, त्यात काय चुकतंय? भाऊ म्हणून नको, गिऱ्हाईक म्हणून सांग.

तुझा,
गंगाराम

---

नरडाणा
६ फेब्रुवारी १९९६

चि. गंगारामास,
ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

गिऱ्हाईक म्हणून सांगू? मग ऐक, आणि रडू नकोस.

तुझं पत्रक कोणी का वाचत नाही हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. तू विचारलं नाहीस म्हणून मी बोलले नाही. मला वाटलं, भाऊ हापिसात बसायला लागला, आपण कशाला तोंड घाला. बेटावदला पुष्पाबाई म्हणून माझी जुनी गिऱ्हाईक आहे. साडीच्या घडीतून तुझा कागद पडला तशी तिने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "व माय! कोण गेलं?"

अरे येड्या, काळी चौकट, मधोमध हार घातलेला म्हातारा, खाली हात जोडून "आपले नम्र" आणि सगळ्या खानदानाची नावं! आमच्याकडे असा कागद गंधमुक्तीलाच येतो. आपल्या लोकांत जलदानाचं कार्ड येतं तेही तसंच. असा कागद कोणी घरात ठेवतं का? पुष्पाबाईने तो दारातच फाडला आणि हातपाय धुवायला गेली. मी सांगत राहिले की बाई, ही जाहिरात आहे, तर म्हणे असू दे, पण घरात नको. सगळ्या गावांत हेच. तू महिन्याच्या महिन्याला खानदेशभर कुणाच्या तरी मयताची खबर वाटतोयस.

आता आतल्या मजकुराचं. "आमची पेढी सचोटीसाठी विख्यात आहे." "एकवार सेवेची संधी द्या." कोण बोलतं असं? तू बोलतोस? तू तर लहानपणी आईला सुद्धा भाकर मागताना वाद घालायचास. मला दिवसभर चालून, पाठीवर गठ्ठा घेऊन, दारात बसून बायांशी बोलावं लागतं. मी जर "सचोटीसाठी विख्यात" म्हणाले तर त्या पाणीसुद्धा विचारणार नाहीत. त्या विचारतात, काशीबाई, ही मेंदी रंगाची धुतल्यावर कशी राहील? हिचा पदर भुरभुरा निघेल का? सिल्क लिहिलंय ते खरं सिल्क आहे का? तू वीस वर्षं लूमवर उभा राहिलास. तुला हे माहीत नाही तर कुणाला? ते लिही. एका बाईला लिहितोय असं समजून लिही. पुष्पाबाईलाच लिही, मी तिला वाचून दाखवीन.

आणि त्या म्हाताऱ्याचा हार काढ आधी.

गुडघे दुखतात. थंडीने जास्तच. खोकल्याला अडुळसा घे, विसरू नकोस.

तुझी,
काशीताई

---

सुरत
३ मार्च १९९६

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग जे खोकायला लागलो ते आमचा मेहताजी पंडित पाणी घेऊन धावत आला. पंडित जळगावकडचा आहे, दुकानाचा सगळा हिशोब त्याच्याकडे. त्याला तुझं पत्र दाखवलं. तो म्हणाला, मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, पण शेठच्या वडिलांचा फोटो, बोलायचं कोणी?

शेवटी मीच बोललो. शेठचा चेहरा असा झाला की वाटलं, आखाजीची वाट कशाला बघा, आजच निघावं. "बापूजीना फोटा वगर कागळ नहि नीकळे," म्हणाला, म्हणजे फोटोशिवाय कागद निघणार नाही. वडिलांवर फार जीव आहे त्याचा, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. मग पंडितने तोडगा काढला. बापूजींचा तरुणपणीचा फोटो शोधला, पगडी घातलेला, कपड्याच्या ताक्यावर हात ठेवून उभे. हार नाही, काळी चौकट नाही. शेठने फोटोवरची धूळ बाहीने पुसली आणि म्हणाला, हा बरा आहे.

मजकूर मी सगळा नवीन लिहिला. तू म्हणालीस तसा पुष्पाबाईला. लिहिलं की गडद मेंदी आणि मरून साडीचा पहिल्या धुण्याला रंग जातो, तेव्हा ती वेगळी, थंड पाण्यात मीठ टाकून भिजवा, लेकरांच्या शाळेच्या सदऱ्याबरोबर टाकू नका. लिहिलं की साडीवर आडवी फिकी रेघ दिसली तर ती लूम मध्येच थांबल्याची खूण असते, अशी साडी घेताना भाव पाडून मागा. सिल्कचंही लिहिलं, की नावात सिल्क आहे, अंगात नाही, पण उन्हाळ्यात लवकर वाळते हा तिचा गुण.

लिहिताना मजा आली. किती वर्षांनी असं वाटलं की मला काही येतं. शेठला मराठी वाचता येत नाही. त्याला पंडितने वरवर सांगितलं की कपड्याची निगा कशी राखावी त्याबद्दल आहे. ते खोटं नाही.

तुझ्या पार्सलात जास्तीची पत्रकं टाकली आहेत. भुसावळ पॅसेंजरला चढवलं आहे. कोणी दोन ओळींचं कार्ड टाकील असं बघ. आखाजी आली जवळ.

तुझा,
गंगाराम

---

नरडाणा
२७ मार्च १९९६

चि. गंगारामास,
जयभीम आणि आशीर्वाद.

काय लिहिलंस रे! मी आधी ओट्यावर बसून एकटीने वाचलं आणि मग गठ्ठा उचलला. पुष्पाबाईच्या दारात वाचलं, "शाळेच्या सदऱ्याबरोबर टाकू नका" आलं तशी शेजारची बाई उठून उभी राहिली. म्हणे, माझ्या पोराचे दोन सदरे गुलाबी झाले, हे आधी का नाही सांगितलं या सुरतवाल्याने? सगळ्या हसल्या. मग पुन्हा वाचायला लावलं.

आता मी दारात गेले की साडी नंतर, आधी कागद. "काशीबाई, तुमच्या भावाने काय लिहिलं?" आणि विक्रीही होते, बरं का. रंग जातो म्हटल्यावर मेंदी रंगाची कोणी घेणार नाही असं वाटलं होतं. उलट जास्त गेल्या. पुष्पाबाई म्हणाली, जो माणूस रंग जातो म्हणून सांगतो तो बाकीचंही खरंच सांगत असेल.

बाया लिहीत नसतात भाऊ, त्या बोलतात. तुझ्या शेठला वाटतं कार्ड आलं नाही म्हणजे वाचलं नाही. इथे ऐकणाऱ्यांनी ओटा भरून जातो, ते त्याला कुठे दिसणार? पण मी पोस्टातून कार्डं आणली आणि प्रत्येक दारात ठेवली. म्हटलं, नवऱ्याला, पोरीला बसवा नि तुमच्या मनातलं लिहा. माझं नाव नको, माझी भलामण नको, सरळ शेठच्या दुकानाला लिहा. सगळ्यांनी कबूल केलंय. येतील बघ आखाजीच्या आधी.

आता तरी खोकला कमी आहे का? खुर्चीत बसून बसून पाठ दुखते असं शोभाने लिहिलंय. ते दुखणं मला आवडलं.

तुझी,
काशीताई

---

भेस्तान, सुरत
९ मे १९९६

ती. ताईस,
जयभीम.

पत्रं आली. खूप आली. पोस्टमनने दोरा बांधून आणली. शेठने सगळी पंडितकडून वाचून घेतली, एकही सोडलं नाही.

पत्रकाचं चालू आहे, काळजी करू नकोस. फक्त यापुढे मला दुकानाच्या पत्त्यावर लिहू नकोस, घरच्या पत्त्यावर लिही. दुकानात टपाल इकडचं तिकडे होतं. आणि पत्रक आता हाताने लिहिलेलं येईल. छापखान्याचं मशीन बिघडलंय, कधी दुरुस्त होईल सांगता येत नाही. पंडित तुझ्या पार्सलात न चुकता टाकील.

ऊन फार आहे. जास्त लिहीत नाही.

गंगाराम

---

नरडाणा
३० जुलै १९९६

चि. गंगारामास,
जयभीम आणि आशीर्वाद.

इतकं छोटं पत्र लिहितात का? कार्डं आली म्हणून मी इथे पेढे वाटायला निघाले होते आणि तू "ऊन फार आहे" म्हणून मोकळा! खुर्चीने माणूस शेठ होतो असं ऐकलं होतं, ते खरं दिसतंय.

छापखाना बिघडला ते एका परीने बरंच झालं. तुझ्या हातचं अक्षर पाहिलं की बाया म्हणतात, हे आपल्याला आलेलं पत्र आहे. या खेपेला तू जो मजकूर लिहिलास, की सुरतेत पाऊस लागला की खोल्यांत पाणी येतं आणि आपले लोक साड्यांचे गठ्ठे आधी वर ठेवतात नि अंथरूण मागून, तो वाचला तशी कोणी साडीला हात लावला नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकीचं कोणी ना कोणी तिकडे आहे रे. कुणाचा नवरा कडोदऱ्याला, कुणाचा दीर भेस्तानला. साडी कशी धुवायची हे त्यांना आता पाठ झालं. आता त्या विचारतात, तिकडे काय चाललंय?

म्हणून सांगते, पत्रकात थोडी जागा माणसांना दे. कोण कसा आहे एवढंच. पुष्पाबाईचा मुलगा रघुनाथ तिकडे सुरतेतच कोसाडला राहतो. होळीपासून त्याचं पत्र नाही. ती मला काही म्हणाली नाही, पण पत्रक वाचून झाल्यावर विचारते, "एवढंच का?" मला कळतं ते कशाबद्दल आहे. तुला सुट्टी असते तेव्हा जाऊन ये. तुझं दुकानाचं काम काही उन्हातान्हाचं नाही.

शेठ सांभाळून घेतोय ना? त्याला सांग, गावोगावी त्याच्या पत्रकाची वाट बघतात.

तुझी,
काशीताई

---

भेस्तान
२२ सप्टेंबर १९९६

ती. ताईस,
जयभीम.

उशीर झाला. कामातून सुटका होत नाही, घरी आलो की पडतो. अक्षर नीट आलं नाही, लावून घे.

कोसाडला जाऊन आलो. रघुनाथ सापडला. त्याची आधीची नोकरी सुटली, आता साड्यांना घड्या घालायच्या कामावर आहे. आईला मात्र सांगितलं होतं की सगळ्या लूमांवरचा मास्टर झालो. म्हणून पत्र लिहीत नव्हता. मी म्हटलं, तू बरा आहेस एवढंच लिहितो. तो म्हणाला, काका, एवढं तरी खरं आहे का? मग आम्ही दोघं चहा पीत बसलो. त्याने मला विचारलं, तुमच्या घरी माहीत आहे का? मी विषय बदलला.

पत्रकात लिहिलंय की रघुनाथ भेटला, तब्येत ठीक आहे, वरणात मीठ फार टाकतो, आईच्या हातची आठवण काढतो. हे सगळं खरं आहे. पुष्पाबाईला वाचून दाखव. जे लिहिलं नाही ते तिला दिसेलच, आया तशा असतात.

तू लिहितेस की गावोगावी वाट बघतात. ते वाचलं की अंगात थोडा जीव येतो. बाकी थकलोय ताई. वयाचं असेल.

गंगाराम

---

नरडाणा
२५ ऑक्टोबर १९९६

गंगाराम,

मला एका शब्दात उत्तर हवंय. तू लूमवर परत गेला आहेस का?

खोटं लिहिशील म्हणून मला काय कळलंय ते आधीच सांगते. दसऱ्याच्या आधीच्या बाजारात दोंडाईच्याची चंचल भेटली. ती तुमच्याच दुकानातून माल आणते, माझ्यासारखीच दारोदार विकते. मी मोठ्या तोऱ्यात तिला म्हटलं, या खेपेचं पत्रक वाचलंस का, माझ्या भावाने रघुनाथचं काय सुंदर लिहिलंय! ती म्हणाली, कुठलं पत्रक? आखाजीनंतर आम्हाला कागद आलाच नाही. मला वाटलं, तिचंच राहिलं असेल. तिथे शिंदखेड्याची आणखी एक होती, तिलाही नाही. मग मी घरी आले आणि पेटीतली तुझी पत्रकं काढून बसले. एकाच हाताची, एकाच शाईची, आणि मागे काळ्या तेलाचा अंगठा. खुर्चीवरच्या माणसाच्या अंगठ्याला लूमचं तेल कुठून लागतं?

एकच कागद लिहीत होतास तू. माझ्या एकटीसाठी. आणि मी मूर्ख, "सगळा खानदेश वाचतोय" म्हणून तुला लिहीत होते. मी तुला कोसाडला पाठवलं, सुट्टीच्या दिवशी, त्या छातीने! मला इतका राग आलाय की तुझ्यावर आहे की माझ्यावर ते कळत नाही. खूप रडले. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बेटावदला गेले आणि पत्रक होतं तसं वाचून दाखवलं, कारण बाया ऐकायला बसून होत्या.

आता माझंही ऐकून घे. चंचलने मागितलं म्हणून सगळी पत्रकं तिला दिली. तिची मुलगी कॉलेजात आहे, तिने उतरवून काढली. तिच्याकडून शिंदखेड्याला गेली, तिथून आणखी कुठे. तर खानदेश वाचतोय हे आता खरं झालंय. दिवाळी झाली की या सगळ्या लग्नसराईचा माल घ्यायला सुरतेला जातील. माझे गुडघे धड नाहीत, नाहीतर मीही गेले असते. त्या शेठला कागद कुठे आहे म्हणून विचारणार आहेत. मी त्यांना शिकवलेलं नाही. हो, शिकवलंय. काय करशील?

उत्तर दे. आणि का लपवलंस तेही.

ताई

---

भेस्तान
२४ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस,
जयभीम.

हो.

आखाजीच्या आठवड्यापासूनच. बायांनी कार्डं मनापासून लिहिली होती, तू सांगितलंस तसंच. म्हणूनच घात झाला. शेठ पेढ्यांचा पुडा आणून बसला होता, म्हणाला वाच पंडित. पंडितने वाचलं. एकीने लिहिलं होतं, तुम्ही लिहिता तसा रंग गेला, मीठ घातलं तरी गेला, साडी बदलून द्या. दुसरीने लिहिलं, आडवी रेघ निघाली, तुमच्याच माणसाने लिहिलंय भाव पाडून मागा, मग पाडा. तिसरीने, सिल्क नाही तर नाव कशाला देता? सगळ्या कार्डांत माझंच लिहिणं माझ्यापुढे आलं. शेठ ओरडला नाही. इतकंच म्हणाला, "मारी दुकानमां बेसीने मारो ज माल वगोवे छे." माझ्याच दुकानात बसून माझ्याच मालाची बदनामी. दुसऱ्या दिवशी मी खात्यात होतो.

शेठलाही दोष देता येत नाही. त्याने पत्रं मागितली होती, त्याला वाटलं होतं कौतुक येईल. मलाही तसंच वाटलं होतं.

तुला का नाही सांगितलं? ती कार्डं तूच दारोदार नेऊन ठेवली होतीस. बायांनी कार्डं लिहिली म्हणून माझी खुर्ची गेली हे तुला कळलं असतं तर तू पुन्हा त्यांच्या दारात कशी गेली असतीस? आणि दुसरं, दिवसभर लूमच्या आवाजात एक शब्द ऐकू येत नाही. घरी येऊन तो एक कागद लिहायचो तेवढंच बोलणं व्हायचं माझं. पंडितला वाईट वाटत होतं, त्याने तुझ्या पार्सलात टाकायचं कबूल केलं. बस, एवढंच.

आता नवीन सांगतो. चंचल आणि तिच्या बरोबरीच्या मागच्या आठवड्यात दुकानात आल्या. माल बघायच्या आधी म्हणाल्या, कागद कुठाय? शेठला काही समजेना. त्या गादीवर बसल्या, त्यांनी उतरवलेली पत्रकं पिशवीतून काढली आणि तिथेच वाचायला लागल्या. पंडित सांगतो, बाजूच्या दुकानातली मराठी माणसं ऐकायला उभी राहिली. कागदाशिवाय आम्ही दुसरीकडून माल नेऊ, असं चंचल म्हणाली. शेठने रात्रभर विचार केला आणि पंडितला इथे खात्यावर पाठवलं.

शेठ म्हणतो, परत ये. खुर्ची तीच, छपाई पुन्हा सुरू. माणसांची खबर लिही, कोसाड लिही, कडोदरा लिही, पावसाचं लिही, त्याला हरकत नाही. पण रंगाबद्दल, रेघेबद्दल, सिल्कबद्दल एक अक्षर नाही. भाचा वाचून बघणार, मग छापायचं.

ताई, मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुझ्या पुष्पाबाईचं बोलणं डोक्यातून जात नाही, की हा रंगाचं खरं सांगतो म्हणून बाकीचंही खरं असेल. ते काढून टाकलं तर माझ्या शब्दाला काय राहिलं? शोभा म्हणते तत्त्व गेलं खड्ड्यात. एखादा शिकलेला माणूस असता तर त्याने नाही म्हटलं असतं. पण मला तत्त्वाचं काही सुचत नाही गं. परवा लूमजवळ डोळ्यांपुढे अंधारी आली, शेजारच्याने धरलं म्हणून वाचलो. मला बसायचं आहे. फक्त बसायचं आहे.

तू सांगशील तसं करतो.

तुझा,
गंगाराम

---

नरडाणा
२ डिसेंबर १९९६

चि. गंगारामास,
ताईचा जयभीम आणि खूप आशीर्वाद.

हो म्हण. हे पत्र वाचून झालं की शर्ट बदल आणि दुकानात जा. विचार करायला बसू नकोस, तुला त्याची सवय नाही, उगाच खोकला वाढेल.

शेठला काय हवं ते लिही. बापूजी वर, पेढीचं नाव वर, सगळं वर राहू दे. तू मधल्या जागेत माणसं लिही. रंगाचं मी बघते. प्रत्येक दारात कागद वाचून झाला की मी तोंडाने सांगेन, मेंदी आणि मरून वेगळी भिजवा. आडवी रेघ मी बोट ठेवून दाखवीन. चंचलला सांगितलंय, ती बाकीच्यांना सांगेल. दारात बसून काय बोलायचं ते शेठचा भाचा तपासायला येणार नाही, आणि आलाच तर त्यालाही एक साडी विकीन.

एक मात्र होईल, ते आधीच सांगून ठेवते. पुढच्या पत्रकात रंगाचं नसेल तर बाया ओळखतील. पुष्पाबाई तर पहिल्या ओळीला ओळखेल. म्हणतील, काशीबाई, तुमचा भाऊ बदलला, शेठचा झाला. मी त्यांना कारण सांगत बसणार नाही. कुणाकुणाला तुझ्या छातीचा फोटो दाखवत फिरू? त्या नावं ठेवतील आणि मी साड्यांच्या घड्या घालत ऐकून घेईन.

गंगा, जिवंत भावाला लोकांनी नावं ठेवलेली मला चालतात.

तुझी,
काशीताई